चौदा दिवसांसाठी नेलेलं पुस्तक

हेटी ब्रेंटनॉल सहा वर्षांची असल्यापासून दोरे ओढत होती. नॉटिंगहॅमच्या गिरण्यांतून लेस निघे ती चादरीएवढ्या रुंद थानात. तिच्यातल्या अरुंद पट्ट्या एकमेकींना एकेका दोऱ्यानं जोडलेल्या असत. थान घरी आणायचं, दोऱ्याचं टोक शोधायचं आणि तो न तोडता, न अडकवता एका हिसक्यात ओढायचा. पट्ट्या सुट्या होत, आणि तिथं दोरा होता हे नंतर कुणाला सांगूनही पटत नसे. हेटीच्या आईनं हेच केलं, चार बहिणींनी हेच केलं. बाविसाव्या वर्षी हॅगथॉर्प गावच्या सहकारी दुकानात काउंटरवर काम करणाऱ्या आल्फ्रेड ब्रेंटनॉलशी तिचं लग्न झालं. ती कोळशाच्या खाणीच्या गावात आली आणि हात रिकामे पडले.

ते रिकामे राहायला शिकले नाहीत. गावातल्या बायका दारातली पायरी आठवड्यातून एकदा पांढऱ्या दगडानं घासत, हेटी तीनदा घासे. शेजारणी म्हणत, नॉटिंगहॅमच्या बाईला स्वच्छतेची हौस. हौस नव्हती. बसवत नसे, एवढंच.

मूल झालं नाही. एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत आल्फ्रेड तीन दिवसांत गेला. त्यानंतर खाणकामगारांच्या इन्स्टिट्यूटमधलं वाचनालय झाडायचं, शेगडी पेटवायची आणि वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवायची, हे काम तिला मिळालं. झाडू भिंतीला टेकवून ती उभ्याउभ्या वाचे. चार वर्षांत कमिटीतल्या सातजणांनी मिळून वाचली नसतील इतकी पुस्तकं तिनं वाचली होती. अठ्ठावीस वर्षं गावात काढूनही ती 'नॉटिंगहॅमची'च राहिली होती. वाचण्यामुळं त्यात भरच पडली.

तिच्या घराला लागून अमॉस कट्सचं घर होतं. मधे एका विटेची भिंत. अमॉस दहाव्या वर्षी खाणीत उतरला आणि चौसष्टाव्या वर्षी वर आला तो कायमचा. आता सत्तरीला पोचला होता. सही करता येई, वाचता येत नसे. त्याची बायको लीया गेली त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्याची पत्रं हेटीच वाचून दाखवी, हेटीच लिही. पत्रं एकाचीच येत, त्याच्या मुलाची. हॅरल्डची.

हॅरल्ड कट्स हे नाव हॅगथॉर्पमध्ये दोन प्रकारे घेतलं जाई. शाळामास्तर ते अभिमानानं आणि हळू आवाजात घेत. बाकीचे मोठ्यानं आणि हसून. खाणवाल्याचा पोरगा शिकला, लंडनला गेला, एका डॅनिश मूर्तिकार बाईशी लग्न करून परदेशात राहिला आणि कादंबऱ्या लिहायला लागला. पहिल्या दोन कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. तिसरीतली बाई-पुरुषांच्या अंथरुणातली वर्णनं वाचून लंडनच्या मॅजिस्ट्रेटनं ती जप्त करायला लावली आणि प्रती जाळल्या. इन्स्टिट्यूटनं गावचा मुलगा म्हणून दोन प्रती त्याआधीच मागवल्या होत्या. एक कुणीतरी नेली ती परत आली नाही. उरलेलीचं काय करायचं यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. जाळावी, असं चॅपेलच्या मंडळींचं मत होतं. त्यावर एकजण म्हणाला, "कोळशाच्या गावात जाळायला पुस्तकं घ्यावी लागतात हे बाहेर कळलं तर लाज जाईल." पुस्तक कपाटात गेलं आणि किल्ली सेक्रेटरीच्या खिशात.

त्या पुस्तकात इसाक नावाचा एक खाणवाला बाप होता. तो कोण, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

हेटी हॅरल्डची पत्रं वाचून दाखवताना थोडी हलकी करी. 'म्हातारा अजून तसाच पितो का' असं असलं की ती वाचे, 'तब्येतीला जपा'. उलट बाजूनंही तेच. अमॉस सांगे, "लिही, तांबडी कोंबडी मेली." ती लिही, कोंबडी मेली, तुझी आठवण येते. बाप-लेक सात वर्षं भेटले नव्हते, पण पत्रांत दोघं बरे बोलत होते. हे आपलं काम, असं हेटीला वाटे, आणि त्यात तिला काही गैर दिसत नसे.

एकोणीसशे बावीसच्या फेब्रुवारीत जे पत्र आलं ते मात्र तिच्या हातून निसटलं. हॅरल्ड आणि त्याची बायको एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाला निघत होते, परत न येण्यासाठी. मार्चमध्ये दोन दिवस हॅगथॉर्पला यायची त्याची इच्छा होती. इथवर हेटीनं भरभर वाचलं, आणि डोळा पुढं पोचायच्या आत पुढचं वाक्य तोंडातून गेलं: 'पण त्याआधी बाबांनी माझं ते पुस्तक कुणाकडून तरी ऐकावं. त्यात काय आहे हे कळल्यावरही त्यांनी ये म्हटलं, तरच मी येईन.'

अमॉस भिंतीला पाठ लावून टाचांवर बसला होता. खाणवाले असेच बसतात, घरात चार खुर्च्या असल्या तरी.

"मग ऐकायला पाहिजे," तो म्हणाला.

"कशाला? नुसतं ये म्हणा की."

"त्यानं अट घातलीय. न ऐकता ये म्हटलं तर ते खोटं."

हेटीला ते पुस्तक माहीत होतं. कपाट धुवायला म्हणून एकदा किल्ली तिच्या हाती आली होती, तेव्हा तिनं ते वाचलं होतं. इसाकचं काय केलंय ते तिला ठाऊक होतं. हे ऐकून कुठलाही बाप ये म्हणणार नाही, एवढंही. आणि आता म्हटलं नाही तर मध्ये अर्धी पृथ्वी पडणार होती.

दुसऱ्या दिवशी अमॉस टोपी घालून इन्स्टिट्यूटमध्ये आला. हेटी शेगडीतली राख काढत होती. सेक्रेटरी जोसाया सेवर्नच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती आणि त्या दोन बोटांत त्यानं पेन धरलं होतं.

"ते पुस्तक पाहिजे," अमॉस म्हणाला.

"कुठलं?"

"उगाच वेड पांघरू नकोस जोसाया. माझ्या पोराचं."

"ते बंद कपाटात आहे."

"मग किल्ली काढ."

"अमॉस, तुला वाचता येत नाही."

"सभासदाला वाचता यायला पाहिजे, असं नियमात आहे का?"

सेवर्नला नियम पाठ होते. त्यानं पेन खाली ठेवलं आणि मनातल्या मनात सगळे एकदा फिरवून पाहिले. नव्हतं. उलट सातवा नियम होता: कोणाही सभासदास कोणतंही एक पुस्तक चौदा दिवस नेता येईल. कपाटाचा उल्लेख नियमात कुठंच नव्हता, कारण नियम केले तेव्हा कपाट लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"छत्तीस वर्षं सभासद आहे," अमॉस म्हणाला. "एक पुस्तक नेलं नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आता एक न्यायचंय."

बिलियर्डच्या टेबलापाशी वाकलेला जेबेझ लिम म्हणाला, "न्या म्हातारबा, न्या. पण वाचताना चष्मा लावा, नाहीतर डोळे भाजतील."

"मला चष्मा नाही, तुला अक्कल नाही. दोघांचं भागतंय ना?"

सेवर्ननं किल्ली काढली. वहीत नाव लिहिताना त्याची दोन बोटं नेहमीपेक्षा सावकाश चालत होती. मग तो हेटीकडं वळला. "कोण वाचून दाखवणार ते मला कळतं, मिसेस ब्रेंटनॉल. चौदा दिवस. पान फाटलं तर तुम्हाला जबाबदार धरीन."

पुस्तक हेटीनं आपल्याकडं ठेवलं. सकाळी सात ते नऊ ती त्या दिवशीचा भाग वाचे आणि जिथं जिथं इसाकचं काही वाईट येई तिथं पानांत पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा घाली. दोरे तिच्याकडं होतेच, लेसचे, डबाभर. मग वाचनालयाचं काम. मग साडेतीनला अमॉसकडं. मधल्या वेळात तिचं चित्त थाऱ्यावर नसे. चहा ओतून ती तो प्यायला विसरे. पायरी घासायला घेई, अर्धी टाकून आत येई, परत बाहेर जाई. समोरच्या घरातली मिसेस लिम म्हणाली, "अगं बाई, दगड झिजला, आता पायरी झिजवतेस काय?"

पहिल्या दिवशी खाणीतलं वर्णन होतं. अमॉस डोळे मिटून ऐकत होता.

"'...आणि कोसळायच्या आधी छत बोलतं. प्रथम कुजबुज, मग वाळूसारखं बारीक काहीतरी खाली...'"

"बरोबर," अमॉस म्हणाला. "अगदी तस्संच. हे त्याला कुठनं कळलं? तो तर एक दिवस खाली आला नाही. आईनं येऊ दिलं नाही."

"तुम्हीच सांगितलं असेल."

"मी कशाला सांगेन?" तो थांबला. "जेवताना बोलत असेन. पोरगं घड्याळाकडं बघत बसायचं. ऐकतंय असं वाटायचं नाही."

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "दोन पानं एकदम उलटलीस?"

हेटीचे कान तापले. "चिकटली होती."

"बुलच्या गुत्त्यात ज्यावर हसतात ते असेल तर सोड. तीस वर्षं संसार केलाय मी, पोराकडनं शिकायचं राहिलेलं नाही. पण बाकी वाच."

"बाकी वाचते."

बाकी ती वाचत नव्हती. पुस्तकात होतं: 'इसाकची पावलं अंगणात वाजली की घरातलं बोलणं कापल्यासारखं थांबे.' ती वाचे, इसाक आला की घर शांत होई. पुस्तकात होतं की त्याच्या शेजारी बसून जेवताना मुलाला मळमळे. तिनं मुलाला भूकच नव्हती असं केलं. तिला हे सहज जमत होतं, आणि जमत होतं याचीच तिला धास्ती वाटू लागली होती. अमॉसला तो इसाक आवडायला लागला. "गडी बरा आहे," तो म्हणाला. "जरा मिळमिळीत आहे. पण बरा आहे."

दहाव्या दिवशी आईच्या मरणाचं प्रकरण आलं.

ते पुस्तकात असं होतं. मुलगा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा आहे. आत आई शेवटच्या घटका मोजते आहे, शेजारची बाई तिच्या उशाशी आहे. खाली बाप पाळीवरून येतो. मुलगा वरून सांगतो, ती चालली. बाप मान डोलावतो आणि बूट काढतो. शेगडीवरचं पाणी टबात ओततो. हात धुतो, तोंड धुतो, छाती धुतो, पाणी बदलतो, पुन्हा धुतो. शर्ट घालतो. मग ओव्हनमधलं ताट काढून जेवायला बसतो. काट्याचा ताटावरचा आवाज वर ऐकू येतो. आई डोळे उघडते, म्हणते, 'बाळा, तू तरी उजेडात राहा,' आणि जाते. बाप वर येतो तेव्हा त्याचं तोंड हलत असतं.

हे गाळून चालणार नव्हतं, पुढं सगळं त्यावर उभं होतं. हेटीनं सकाळपासून विचार केला होता आणि काही सुचलं नव्हतं. साडेतीन वाजता पान उघडलं आणि तिला वाचनालयातली तसबीर आठवली: शेगडीच्या वर टांगलेली, लंडनच्या कुणा चित्रकारानं काढलेली, काळा-ठिक्कर खाणवाला हातात दिवा उंच धरून उभा. ती रोज तिच्यावरची धूळ पुसत होती.

"'इसाकला खाणीच्या तोंडाशीच निरोप मिळाला,'" ती कोऱ्या आवाजात वाचू लागली. "'तो तसाच धावत सुटला. अंगभर काजळी, हातात दिवा. तीन-तीन पायऱ्या ओलांडत तो जिना चढला, तिचा हात हातात घेतला, आणि पांढऱ्या चादरीवर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले.'"

अमॉसनं डोळे उघडले.

"आज एवढं पुरे," तो म्हणाला.

हेटी इतक्या घाईनं उठली की पुस्तक तिथंच राहिलं. घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडं अमॉस चालत होता, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. परत जाऊन पुस्तक मागायचं तिला धैर्य झालं नाही. ती इकडं बसत होती, उठत होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती गेली. अमॉस खुर्चीवर बसला होता. हे तिनं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, लीयाच्या अंत्यविधीला. टेबलावर पुस्तक होतं आणि पुस्तकाशेजारी पांढऱ्या दोऱ्यांचे तुकडे, एकाखाली एक, ओळीनं मांडलेले. ज्या पानातून दोरा काढला तिथं त्यानं काडेपेटीतली एकेक काडी खोचली होती.

"सदतीस," तो म्हणाला. "अक्षर येत नाही. मोजता येतं."

हेटी उभीच राहिली.

"दिवा हातात घेऊन आला म्हणालीस."

"पुस्तकात..."

"पुस्तकात नाही. पोरगं माझं आहे, हेटी. मला शिव्या दे म्हटलं तर देईल. पण खाणवाल्याच्या हातात दिवा देऊन त्याला रस्त्यानं पळवत आणणार नाही. वर आलो की आधी दिवा दिवाघराच्या खिडकीत, मग घर. दिवा घरी नेला तर दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाहीत. हे हॅगथॉर्पमधलं चार वर्षांचं पोर सांगेल. तू इथं किती वर्षं आहेस?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस वर्षं खिडकीतनं बघतेस. आमच्या हातात काय असतं?"

"डबा," हेटी म्हणाली. "आणि पाण्याची बाटली."

"आणि अंगभर काजळी घेऊन जिना चढला. लीयाच्या घरात." तो हसला असता तर बरं झालं असतं, असं हेटीला वाटलं. "जिना सोड, या पायपुसण्याच्या पलीकडं मी तीस वर्षांत कधी काळ्या अंगानं गेलो नाही. बस. आणि दोरे होते तिथलं वाच."

"मिस्टर कट्स, त्याला ये म्हणून लिहा आणि सोडून द्या. मी पाया पडते."

"वाच पोरी. तीन दिवस राहिलेत."

दोन दुपारी ती वाचत होती. मळमळ वाचली. कापल्यासारखं थांबणारं बोलणं वाचलं. अमॉस मधेमधे एवढंच म्हणे, "हं," किंवा "ते शनिवारी, रोज नव्हे," किंवा एकदा, "हे खरं आहे. हे मी केलं." तिचा आवाज बसला तेव्हा त्यानं चहा केला, ओटचं धिरडं चरबी लावून तिच्यापुढं ठेवलं आणि तिचं खाऊन होईपर्यंत दाराशी जाऊन उभा राहिला.

शेवटी जिन्याचं प्रकरण आलं. बूट, टब, बदललेलं पाणी, ताट, काटा. ती वाचून थांबली. बाहेर पाळी सुटली होती. रस्त्यावर नालांच्या बुटांचा आवाज घरांवरून पुढं गेला.

"असंच झालं होतं," अमॉस म्हणाला.

हेटीनं पुस्तक मिटलं.

"जेवलो का, तर जेवलो. धुऊन झालं, शर्ट घातला, आणि पायरीवर पाय ठेववेना. ताट होतं समोर. तिनं तुला सांगून करवलं होतं ना?"

"हो. मटण नि बटाटे."

"चवही आठवत नाही. पण जेवलो. त्यानं ऐकलं ते बरोबर ऐकलं." त्यानं हाताच्या तळव्यानं टेबल पुसलं, जिथं पुसायला काही नव्हतं. "अंग मात्र तिच्यासाठी धुतलं. तिचा नियम. त्याला माहीत होता. आठ वर्षांचा असताना मळक्या बुटांनी वर गेला म्हणून तिनं त्याला जेवायला वाढलं नव्हतं. मग मीच ताटाखाली झाकून त्याला नेऊन दिलं होतं."

"मग ते त्यानं का नाही लिहिलं?"

"तू का नाही वाचलंस?" अमॉस म्हणाला. "तूही गाळलंस, त्यानंही गाळलं."

हेटीचे हात मांडीवर होते आणि ते एकमेकांना सोडत नव्हते. पुढचं सांगायची गरज नव्हती. अठरा वर्षं ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण टेबलावर ते सदतीस दोरे अजून तसेच होते.

"उजेडाचं ते वाक्य," ती म्हणाली, "ते लीया म्हणाली नाही."

"मग?"

"हॅरल्ड जिन्यावर होता, खाली तुमच्याकडं बघत. खोलीत मी एकटी होते. नंतर त्यानं मला विचारलं, आई काय म्हणाली? सतरा वर्षांचं पोर. दुसऱ्या दिवशी चॅपेलमधल्या बायकांनीही तेच विचारलं. मी ते वाक्य रचलं. कुठल्यातरी प्रवचनात ऐकलं असेन. त्यानं ते खरं धरलं आणि छापलं."

"ती काय म्हणाली?"

"डोळे उघडून म्हणाली, 'अमॉस आला का?' मी म्हटलं, आलाय. मग म्हणाली, 'धुतलं का त्यानं?' मी म्हटलं, खाली धुतोय. 'बरं,' म्हणाली. आणि मग काही नाही."

अमॉस खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला, परत आला आणि भिंतीला पाठ लावून टाचांवर बसला, नेहमीसारखा.

"मानेमागं धुतलं का, ते नाही विचारलं?"

"नाही."

"नेहमी विचारायची."

शेगडीत कोळसा सरकला. हेटीला वाटलं, आता उठून जावं, उठवेना.

"कागद घे," तो म्हणाला.

तिनं कागद घेतला.

"लिही. 'ये. पुस्तक ऐकलं. खाणीचं बरोबर आहे. माझंही बरंचसं बरोबर आहे. तुझ्या आईचं शेवटचं वाक्य चुकलंय. आलास की सांगतो.' झालं. आता वाचून दाखव."

तिनं वाचून दाखवलं.

"शेवटी काही घातलं नाहीस ना? आठवण-बिठवण?"

"नाही."

"बघ हं. मी जेबेझ लिमला दाखवीन."

सही त्यानं स्वतः केली, नेहमीसारखी कागदाला भोक पडेपर्यंत दाबून.

उरलेली पानं वाचून झाली आणि चौदाव्या दिवशी पुस्तक परत गेलं. सेवर्ननं एकेक पान उलटून पाहिलं. एका पानात काडेपेटीची काडी सापडली ती त्यानं बाजूला काढून ठेवली. "कसं वाटलं, अमॉस?"

"जाड आहे," अमॉस म्हणाला.

पत्र मात्र दोन दिवस हेटीच्या एप्रनच्या खिशात होतं. टपालपेटी कोपऱ्यावर होती, चाळीस पावलांवर. पहिल्या दिवशी ती दोनदा तिथवर जाऊन परत आली. हॅरल्ड आला की ते वाक्य कुणी रचलं हे त्याला कळणार होतं. त्याच्या पुस्तकाचं शेवटचं पानही पुन्हा त्याच वाक्यावर संपलं होतं, आणि गावात ज्यांनी पुस्तकातलं बाकी सगळं घाण म्हणून टाकलं होतं तेही ते एक वाक्य चांगलं आहे म्हणत. पत्र पोचलंच नाही तर म्हातारा म्हणेल, आला नाही, आणि हॅरल्ड म्हणेल, बोलावलं नाही. मग ते दोघं जन्मभर तिनं लिहिलेल्या पत्रांतून बरे बोलत राहतील. हे तिला सहज जमलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पायरी पूर्ण घासली, दगड जागेवर ठेवला, हात पुसले आणि पत्र पेटीत टाकलं.

हॅरल्ड मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला, एकटा. बायको सर्दीनं लंडनलाच राहिली होती. स्टेशनवरून येताना जेबेझ लिमनं त्याला विचारलं म्हणे, "काय रे, आता कुणाला छापायला आलास?" आणि हॅरल्ड म्हणाला, "तुला नाही, काळजी करू नकोस, तू खपणार नाहीस." दोन घरांमधल्या भिंतीतून हेटीला पहिला तासभर काहीच ऐकू आलं नाही. मग अमॉसचा आवाज, सावकाश, न थांबता. तिनं बटाटे सोलायला घेतले. लागत होते त्याच्या तिप्पट सोलून झाले. मग आवाज बंद झाला. एक खुर्ची सरकली. दार उघडलं, आणि पावलं तिच्या पायरीपाशी येऊन थांबली.

तिनं दार उघडलं. तो बापासारखाच दिसायला लागला होता, फक्त स्वच्छ. ती ओल्या हातांनी उभी राहिली. पायरी पांढरी होती म्हणून तो पाय न ठेवता रस्त्यावरच थांबला होता.

"मिसेस ब्रेंटनॉल," तो म्हणाला, "आईनं काय विचारलं होतं?"

"अमॉस आला का. आणि धुतलं का त्यानं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खाली धुतोय म्हटलं."

"आणि ती?"

"बरं, म्हणाली."

त्यानं तिच्या ओल्या हातांकडं पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."